चिखल दिसतो, वायू दिसत नाही

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

अंदमानातील बारातांग बेटावरचा चिखल-ज्वालामुखी पाहून परतलेले पर्यटक बहुधा एकच तक्रार करतात : ‘एवढ्यासाठी एवढा प्रवास?’ लाव्हा नाही, धूर नाही. राखाडी चिखलात अधूनमधून एखादा बुडबुडा फुटतो, तेवढेच. त्या बुडबुड्यात काय असते, असे मात्र सहसा कोणी विचारत नाही, म्हणून हे पत्र.

खोल गाडल्या गेलेल्या गाळाच्या थरांत वायू आणि पाणी दाबाखाली अडकून राहतात आणि फट मिळाली की गाळ घेऊन वर येतात. हा वायू बहुतेक ठिकाणी मिथेन असतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. पेटला की मात्र त्याचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होते. त्यामुळे अझरबैजानात, जेथे असे तीनशेहून अधिक ज्वालामुखी आहेत, उद्रेकाच्या ज्वाळा कितीही भीषण दिसल्या तरी हवामानाच्या दृष्टीने पेटलेल्या मिथेनपेक्षा न पेटता निसटणारा मिथेनच अधिक घातक ठरतो.

पाण्याची गोष्ट याहून वेगळी नाही. ते खारट असते, त्यात बोरॉनसारखी द्रव्येही असतात आणि ते जेथे पसरते तेथे सहसा काही उगवत नाही. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातील शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

इंडोनेशियात पूर्व जावातील सिदोआर्जो येथे, वायूच्या शोधासाठी खोदल्या जात असलेल्या विहिरीजवळ, २९ मे २००६ रोजी जमीन फुटून गरम चिखल वर येऊ लागला. ऐन भरात दिवसाला सुमारे १,८०,००० घनमीटर चिखल बाहेर पडत होता. त्याखाली गावे, शेते, कारखाने गेले आणि हजारो कुटुंबे विस्थापित झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तेथे नैसर्गिक वायूची वाहिनी फुटली आणि त्या स्फोटात माणसेही दगावली. दोष विहिरीचा की दोन दिवस आधीच्या योग्यकर्ता येथील भूकंपाचा, यावर शास्त्रज्ञांचा वाद वर्षानुवर्षे चालला. भरपाईच्या दृष्टीने तो आवश्यकच होता. पण वादाचा निकाल काहीही लागो, बंधाऱ्यांत न मावणारा चिखल पोरोंग नदीत सोडला जात राहिला आणि तेथून मादुराच्या सामुद्रधुनीकडे गेला. वायूचा हिशेब तर फारच उशिरा लागला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार या एकाच ठिकाणाहून वर्षाला सुमारे एक लाख टन मिथेन बाहेर पडतो.

बारातांगचे विवर याच्या तुलनेत अगदी किरकोळ आहे आणि घाबरण्याचे कारण नाही. तरीही तेथील वायू व पाण्याची नियमित मोजणी व्हावी आणि तिचे आकडे पर्यटकांना जागेवरच वाचता येतील असे लावावेत, अशी विनंती आहे. विवराजवळ काडी ओढून पाहण्याचा मोह होणाऱ्या उत्साही मंडळींसाठी त्याखाली एक ओळ अधिक असावी : हा वायू पेटतो.

आपला,
एक वाचक, अकोला