सांगोल्याच्या माळावरचा देवमासा

सोलापूर,
७ डिसेंबर

तीर्थरूप बाबा आणि आई यांस, शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारले होते की, ज्या गावात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येते, त्या गावात बसून मी देवमाशांचा कसला हिशेब ठेवते. तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न मनातून गेला नाही, म्हणून आज सविस्तर लिहीत आहे.

मागच्या आठवड्यात किनाऱ्यावर वाहून आलेल्या देवमाशांच्या नोंदी नकाशावर मांडत असताना एक ठिपका थेट आपल्या जिल्ह्यात, सांगोल्याच्या उत्तरेकडच्या माळावर उमटला. अक्षांश १७.६५ हा बरोबर होता; रेखांश मात्र ७३.१३ ऐवजी ७५.१३ असा टंकला गेला होता, आणि एवढ्या एका आकड्याने दापोलीच्या किनाऱ्यावरचा देवमासा सह्याद्री ओलांडून डाळिंबाच्या बागांत येऊन पडला होता. अशी चूक स्वतःच ओरडून सांगते, त्यामुळे तिची मला भीती वाटत नाही. भीती वाटते ती गुपचूप बसलेल्या चुकीची. १७ अंश ३० मिनिटे म्हणजे १७.५ अंश; पण कोणी ते सरळ १७.३० असे लिहून टाकले, तर ठिपका किनाऱ्यावरच राहतो, फक्त सुमारे २२ किलोमीटर दक्षिणेला सरकतो, आणि कोणाला शंकाही येत नाही.

बाबा, तुम्ही गिरणीच्या भांडारात तीस वर्षे नोंदवही लिहिली. घरी कधीतरी तुम्ही म्हणायचात की, "माल नाही" आणि "माल मोजला नाही" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जो कारकून दोन्हीसाठी शून्य लिहितो तो गिरणी बुडवतो. माझे सगळे काम या एका वाक्यावर उभे आहे, असे म्हटले तरी चालेल. मृत देवमाशाच्या नोंदीत तारीख, ठिकाण, जात, नर की मादी, वरच्या जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या खाचेपर्यंतची लांबी आणि शरीराची अवस्था असते. जिवंत सापडला तर १, नुकताच मेलेला असेल तर २, आणि नुसती हाडे किंवा वाळलेली कातडी उरली असेल तर ५, अशी ही अवस्था अनेक ठिकाणी याच क्रमाने लिहितात. २०१५ च्या जूनमध्ये रेवदंड्याला आलेला निळा देवमासा आला तेव्हा जिवंत होता, नंतर मेला. जुहूला २०१६ च्या जानेवारीत आलेला मेलेलाच होता. वर्तमानपत्राच्या मथळ्यात दोन्ही सारखेच दिसतात, नोंदवहीत मात्र त्यांची जागा वेगळी.

पुढचा रकाना असतो जहाजाच्या धडकेचा, आणि तिथे बहुतेक जण "नाही" असे लिहितात. प्रत्यक्षात कोणी पाहिलेलेच नसते. मोठ्या जहाजाचा धक्का शरीरात आत बसतो. वरून कातडी धड दिसते आणि आत हाडे मोडलेली असतात. जहाजाच्या पंख्याचे (प्रोपेलरचे) घाव समांतर ओळीत दिसतात खरे, पण ते मेल्यावर तरंगत असताना झालेले असू शकतात. जखमेभोवतीच्या मांसात रक्त उतरले आहे का, हे शवविच्छेदनात पाहिल्यावर घाव जिवंतपणी झाला की नंतर, याचा अंदाज बांधता येतो. प्रेत कुजलेले असेल, किंवा दुर्गंधीच्या भीतीने दुसऱ्याच दिवशी वाळूत पुरले असेल, तर हे कळण्याचा मार्ग उरत नाही. अशा वेळी मी "नाही" हे "तपासले नाही" असे करते. काही जणांना हा शब्दांचा कीस वाटतो, वाटू दे.

या काटेकोरपणातून काय साधते, असे आईने विचारले होते. आई, अशा धडकांच्या जुन्या नोंदी एकत्र करून २००१ मध्ये एक अभ्यास झाला, तेव्हा दिसले की जीवघेण्या किंवा गंभीर जखमा बहुतेक ८० मीटर किंवा त्याहून लांब जहाजांनी आणि १४ नॉट किंवा त्याहून अधिक वेगात केल्या होत्या. २००७ च्या दुसऱ्या अभ्यासात असे निघाले की वेग सुमारे १२ नॉटच्या खाली आला की धडक जीवघेणी ठरण्याची शक्यता ५० टक्क्यांच्या खाली जाते. १२ नॉट म्हणजे ताशी सुमारे २२ किलोमीटर. आपल्याकडचा तरुण सायकलस्वार सहज जाईल एवढा. अमेरिकेने २००८ च्या अखेरीस पूर्व किनाऱ्याच्या ठराविक पट्ट्यांत, ठराविक हंगामात, ६५ फूट आणि त्याहून मोठ्या जहाजांना १० नॉटची मर्यादा घातली, ती अशाच वह्यांच्या आधारावर. त्याच्या आदल्या वर्षी बॉस्टनच्या बंदराकडे जाणारा जहाजमार्गसुद्धा देवमाशांची गर्दी टाळण्यासाठी थोडा सरकवला होता.

आपल्या बाजूच्या समुद्राचा हिशेब अधिक अवघड आहे. अरबी समुद्रातले कुबड्या देवमासे इतरांसारखे ध्रुवाकडे जात नाहीत, बारा महिने इथेच राहतात. ओमानच्या किनाऱ्यावर त्यांची संख्या शंभराच्या आत असल्याचा अंदाज आहे, आणि १९६५-६६ मध्ये सोव्हिएत जहाजांनी बेकायदा शिकार करून अरबी समुद्रातले २४२ मारले होते. जिथे एकूण संख्याच एवढी लहान, तिथे एका मृत्यूची चुकलेली ओळ ही वहीतली किरकोळ चूक राहत नाही. शिवाय समुद्र सगळी प्रेते परत देत नाही. अटलांटिकमधल्या एका जातीचा, जिथला एकेक प्राणी छायाचित्रांवरून ओळखला जातो, हिशेब लावला तेव्हा झालेल्या मृत्यूंपैकी जेमतेम ३६ टक्के प्रेते दिसली होती, असे आढळले.

काल दोन वार्ता समोर आल्या. एका गावातून ३८ फुटांचा देवमासा, दोन दिवसांनी शेजारच्या गावातून १२ मीटरचा. १२ मीटर म्हणजे ३९ फुटांच्या वर; दोन्ही मापे जवळजवळ सारखी, तेव्हा एकच प्रेत ओहोटीबरोबर निघून पुढच्या एखाद्या भरतीला दुसरीकडे लागले असणार. तरीही मी एकही नोंद पुसलेली नाही. बाबा, तुम्ही खाडाखोड करत नव्हता, चुकीच्या आकड्यावर एक रेघ मारून शेजारी सही करत होतात, म्हणजे जुना आकडा वाचता यावा. मीही मूळ वार्ता तशीच ठेवते आणि शेजारच्या रकान्यात माझा तर्क, कारण आणि तारीख लिहिते. उद्या छायाचित्र मिळाले आणि मी चुकले असे निघाले, तर मागे फिरायला वाट हवी.

आता एक प्रश्न, आणि त्याचे उत्तर दादाच्या फोनवरून नको, पत्रानेच पाठवा. एका जुन्या मराठी कात्रणात देवमाशाची लांबी "पंचवीस हात" दिली आहे. हात दीड फुटाचा धरला तर साडेसदतीस फूट होतात. पण आई आजही कापड कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजते, आणि तिचा हात माझ्या टेपवर सव्वा फुटाच्या जवळ भरला होता. तसे असेल तर देवमासा एकदम सव्वाएकतीस फुटांवर येतो आणि त्याची जातच बदलू शकते. गिरणीत हात म्हणजे नक्की किती धरत होते, आणि बाजारात तोच होता का, हे दोघांनी आपापल्या आठवणीने वेगवेगळे लिहावे. एकमेकांचे पाहून लिहू नये. तोपर्यंत ती ओळ मी "अंदाज" या रकान्यात ठेवली आहे.

गड्ड्याच्या यात्रेला तुम्ही याल तेव्हा ते कात्रण दाखवीन.

तुमची,
मेघा