संत गोन्सालोंशी रोजची ओळख

प्रिय लेकी,

अनेक आशीर्वाद.

जपानमध्ये क्रुसावर हुतात्मा झालेले संत गोन्सालो गार्सिया आपल्या वसईचे, त्यांचे नाव आपण लहानपणापासून ऐकत आलो, तरीही त्यांच्याविषयी मनात जी ओढ वाटायला हवी ती का वाटत नाही, असे तू परवा फोनवर विचारलेस. घाईघाईने उत्तर देऊन मोकळे व्हावे असा हा प्रश्न नव्हे, म्हणून सवडीने लिहिते.

आपल्याकडे बहुतेकांचा संतांशी संबंध येतो तो अडचणीच्या वेळी. परीक्षा आली, आजारपण आले, नोकरीचे अडले की आपण नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, धरतो आणि काम झाले की तसबिरीवरची धूळसुद्धा पुसत नाही. मागण्यात गैर काहीच नाही. संतांना मध्यस्थीची विनंती करणे ही ख्रिस्तसभेची फार जुनी रीत आहे. पण जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात संतांकडून आपण तीन गोष्टी घ्याव्यात असे सांगितले आहे: त्यांच्या जगण्याचा आदर्श, त्यांचा सहवास आणि त्यांच्या मध्यस्थीचे साहाय्य. आपण यांतली शेवटची तेवढी उचलतो. संतभक्तीचा कस बाह्य उपचारांच्या संख्येवर नव्हे, तर आपल्या प्रेमाच्या उत्कटतेवर लागतो, असेही तिथेच म्हटले आहे; आणि ज्याची धड ओळखच नाही त्याच्यावर प्रेम कसे जडणार?

म्हणून माझे पहिले सांगणे असे की, त्यांचे चरित्र पुन्हा वाच, आणि या वेळी सावकाश वाच. क्रुसावरच्या मरणाकडे आपण इतक्या लवकर धावतो की त्याआधीची चाळीस वर्षे आपल्याला दिसतच नाहीत. १५५७ च्या सुमारास वसईत, पोर्तुगीज वडील आणि इथली आई यांच्या पोटी जन्मलेला हा मुलगा येशूसंघीय (जेज्विट) धर्मगुरूंच्या हाताखाली शिकला आणि मिसरूड फुटण्याच्या वयात त्यांच्याबरोबर जपानला गेला. तिथली भाषा त्याने इतकी आत्मसात केली की, धर्मशिक्षक म्हणून तो लोकांना सहज आपलासा वाटू लागला. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्याची मनापासूनची इच्छा होती. कित्येक वर्षे सेवा करूनही ती पूर्ण झाली नाही. मग त्याने व्यापार केला, त्यात चांगले यशही मिळवले, आणि पुढे मनिलात तो सगळा पसारा सोडून तो फ्रान्सिस्कन संघात साधा धर्मबंधू म्हणून दाखल झाला. त्याला धर्मगुरुपदाची दीक्षा कधीच मिळाली नाही. एक दार बंद झाल्यावर देवाविषयी कडवटपणा न धरता इतकी वर्षे वाट पाहणारा हा माणूस मला तरी हौतात्म्याइतकाच मोठा वाटतो, आणि तुझ्या वयाच्या मुलामुलींनी त्यांच्या याच वर्षांशी मैत्री करावी असे मला वाटते.

१५९३ साली फ्रान्सिस्कन धर्मगुरू फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर ते दुभाषी म्हणून पुन्हा जपानला गेले. सत्ताधीश हिदेयोशीपुढे बोलताना शब्द फादरांचे असत, आवाज गोन्सालोंचा. पुढे राज्यकर्त्यांची मर्जी फिरली. १५९६ च्या डिसेंबरात त्यांना आणि त्यांच्या सोबत्यांना अटक झाली, डाव्या कानाची पाळी कापून क्योटोच्या रस्त्यांवरून त्यांची धिंड काढण्यात आली, आणि ऐन थंडीत जवळजवळ महिनाभर चालवत सगळ्यांना नागासाकीला नेण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तिथल्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर बांधून भाल्यांनी मारले. त्यांत पाऊल मिकींसारखे येशूसंघीय होते, तसे बारा वर्षांचे एक पोरही होते. टेकडीवर पोहोचताच गोन्सालो एका क्रुसाजवळ गेले आणि ‘हा माझा का?’ असे त्यांनी विचारले, ‘नाही’ म्हटल्यावर त्यांना दुसऱ्या क्रुसाकडे नेण्यात आले आणि तिथे गुडघे टेकून त्यांनी त्याला मिठी मारली, असे सांगतात. १८६२ साली पोप नववे पायस यांनी गोन्सालोंना संतपद बहाल केले. भारतात जन्मलेले ते पहिले संत.

आता रोजच्या प्रार्थनेविषयी. ती लहान असावी, पण ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या जागी व्हावी. तुझ्या खोलीत आल्तार मांडायला जागा नाही हे मला ठाऊक आहे. टेबलाच्या कोपऱ्यात क्रूस आणि त्यांचे छोटे चित्र ठेवलेस तरी पुरे. मी सकाळी चूल पेटवण्याआधी मेणबत्ती लावते, क्रुसाची खूण करते आणि त्यांच्या आयुष्यातला एकच प्रसंग मनापुढे घेते. आज दुभाष्याचा प्रसंग असेल तर उद्याही तोच. त्यातून मिळण्यासारखे आहे तोवर मी पुढे सरकत नाही. दुसऱ्याचे म्हणणे स्वतःची भर न घालता पोहोचवणारे ते ओठ डोळ्यांपुढे आणते आणि काल मी कोणाचे बोलणे तिखटमीठ लावून पुढे नेले का, हे त्यांच्यासमक्ष स्वतःला विचारते. मग थोडा वेळ गप्प बसते. शेवटी, ‘संत गोन्सालो, आमच्यासाठी विनंती करा’ असे म्हणून ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ ही प्रार्थना म्हणते.

हा क्रम मी जाणूनबुजून ठेवला आहे. आराधना एकट्या देवाची. संत आपल्या बाजूला उभे राहून आपल्याबरोबर त्याच्याकडे पाहत असतात, म्हणून त्यांच्याशी केलेले बोलणे त्यांच्यापाशी न थांबता प्रभूपर्यंत जायला हवे. ज्या भक्तीमुळे रविवारची चर्चमधली मिस्सा आणि ख्रिस्तप्रसाद यांची भूक वाढते ती निरोगी आहे असे समज. नवस फेडला की संपणारी, किंवा अमुक इतक्या वेळा म्हटले नाही तर काहीतरी वाईट होईल अशी धास्ती घालणारी भक्ती तुझ्या दाराशी आली तर तिला आत घेऊ नकोस.

काही दिवस मन अगदी कोरडे राहील. शेजारच्या वाफ्यात हलवल्यावर मुळे धरणारे रोप वरून कसे निपचित दिसते, ते तू आपल्या वाडीत पाहिलेले आहेस. त्या दिवशी प्रार्थना लांबवू नकोस आणि टाळूही नकोस. नेहमीची वेळ, नेहमीची जागा, आणि सुचत नसेल तर नुसते त्यांचे नाव घे. आपल्याला काय वाटले यापेक्षा आपण हजर राहिलो याला अशा दिवशी अधिक मोल असते, अशी माझी ठाम समजूत आहे.

त्यांचा स्मरणदिन ख्रिस्तसभेच्या दिनदर्शिकेत पाऊल मिकी आणि सोबत्यांबरोबर ६ फेब्रुवारीला येतो. येशूच्या स्वर्गारोहणानंतर पवित्र मरिया मातेसह प्रेषित जेरुसलेममध्ये प्रार्थनेत वाट पाहत राहिले, त्या नऊ दिवसांवरून नोव्हेनाची रीत आली असे मानतात, आणि वाट पाहण्यात आयुष्य घालवलेल्या या संताला ती शोभतेही. आपण दोघी २८ जानेवारीपासून ती एकाच वेळी करू. तू तुझ्या खोलीत, मी इथे वसईत, रात्री नऊ वाजता, तुझी कामाची पाळी दिवसाची असो वा रात्रीची, जमेल तसे सांभाळून घेऊ. या वेळी स्वतःसाठी काही न मागता, नोकरीच्या शोधात थकलेल्या तुझ्या मैत्रिणीला त्यात धर. तिला सांगायचे की नाही ते तू ठरव. तोवर त्यांच्या आयुष्यातला कोणता प्रसंग तू निवडलास ते मला कळव, म्हणजे त्या नऊ दिवसांत मीही तोच घेईन.

तुझी आई