आधी पदकाची कड वाचा

माननीय संपादक,

पहिल्या महायुद्धातले ब्रिटिश पदक जुन्या बाजारात दिसले की ते 'शौर्यपदक' ठरते आणि बातमीतही तसेच छापून येते. टेरिटोरियल फोर्स वॉर मेडलबाबत हे साफ चूक आहे. टेरिटोरियल फोर्स हे १९०८ मध्ये उभे राहिलेले, नोकरीधंदा सांभाळून कवायत करणाऱ्यांचे दल. त्यांना ब्रिटनबाहेर धाडायचे तर ज्याची त्याची संमती लागे. ती देऊन समुद्रापार गेलेल्यांसाठी हे पदक १९२० मध्ये काढले गेले.

अटी किचकट होत्या. ४ ऑगस्ट १९१४ रोजी दलात असणे, किंवा पूर्वी चार वर्षे सेवा करून ३० सप्टेंबर १९१४ पर्यंत परत भरती होणे. परदेशी जाण्याची तयारीही ३० सप्टेंबर १९१४ पर्यंतच दिलेली हवी. शिवाय १९१४ स्टार किंवा १९१४-१५ स्टार, म्हणजे युद्धाच्या सुरुवातीच्या काळात रणभूमीवर उतरलेल्यांची ताराकृती पदके, मिळालेला नसावा. खरी मेख इथे आहे. नोव्हेंबर १९१४ मध्ये याच दलातल्या वेसेक्स डिव्हिजनच्या पलटणी हिंदुस्थानात उतरल्या, म्हणजे इथल्या खड्या गोऱ्या पलटणी युद्धावर जायला मोकळ्या झाल्या. वेसेक्सच्या पलटणींतली हॅम्पशायर रेजिमेंटची १/४ पलटण (म्हणजे चौथ्या पलटणीची पहिली फळी) मार्च १९१५ मध्ये आजच्या इराकमधल्या बसऱ्याच्या आघाडीवर गेली. तिथे उतरलेल्यांना स्टार लागू झाला आणि हे पदक हुकले. हिंदुस्थानातल्या छावण्यांत राहिलेल्यांना मात्र ते मिळाले. वाटली गेली जेमतेम ३४ हजार, त्यामुळे आज पहारेकऱ्याचे पदक लढवय्याच्या स्टारपेक्षा दुर्मिळ! एकाच माणसाच्या नावाचा स्टार आणि हे पदक एका संचात दिसले, तर तो संच नंतर कोणीतरी जुळवलेला समजावा.

पदक गोल, काशाचे. एका बाजूला पाचवा जॉर्ज, दुसरीकडे पानांच्या वेढ्यात 'फॉर व्हॉलंटरी सर्व्हिस ओव्हरसीज १९१४-१९'. फीत पिवळी, तीवर दोन हिरवे पट्टे. हिरव्या फितीवर मधोमध एकच पिवळा पट्टा आणि पदक चांदीचे, लंबगोल असेल, तर ते बारा वर्षांच्या सेवेचे टेरिटोरियल फोर्स एफिशियन्सी मेडल. विक्रेते ही दोन्ही हमखास एकमेकांत मिसळतात.

शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कडेवर ठशाने उमटवलेली असते. कड घासून गुळगुळीत झालेली किंवा अक्षरे कोरलेली दिसली तर सावध व्हावे. १९१७ च्या सुरुवातीला या दलाला नवे, बहुधा सहा आकडी क्रमांक दिले गेले. म्हणून कागदपत्रांशी क्रमांक जुळला नाही एवढ्यावरून पदक खोटे ठरवू नये. लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारातली पदक-कार्डे, म्हणजे कोणाला कोणते पदक मिळाले याची नोंदपत्रे, ऑनलाइन शोधता येतात. सेवापुस्तिका सापडेलच असे नाही, कारण १९४० च्या बॉम्बहल्ल्यात त्यांतल्या बहुतेक जळाल्या.

चिंच-मिठाने पदक उजळवू नये. काशावरचा जुना थर निघतो, घासताना ठसा पुसट होतो आणि ओळखीचा एकमेव पुरावा जातो.

हे पदक हिंदी सैनिकांसाठी नव्हते. तेव्हा अशी बातमी छापण्याआधी बातमीदाराने कडेचा मजकूर टिपून घ्यावा आणि तो बातमीतही द्यावा, ही विनंती.

– एक वाचक, पुणे