रनिंग किती, हा प्रश्नच अर्धवट आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या वाहन पुरवणीतला जुन्या गाड्यांवरचा लेख वाचला. बाकी ठीक होता पण त्यात एक वाक्य असं ठोकून दिलंय की 1 लाख किलोमीटरच्या वर रनिंग झालेली महागडी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद जाणारी गाडी, घेऊच नका, आणि पुढे कारण काहीच नाही. असं वाचून लोक काय करतात तर कमी रनिंगवाली शोधत फिरतात, आणि विकणाऱ्यालाही हे माहीत असतं म्हणून तो मीटर मागे फिरवून ठेवतो, म्हणजे एका वाक्याने दोघांचीही सोय झाली.

मला एवढंच म्हणायचंय की किलोमीटर बघून अशा गाडीचं वय कळत नाही, इंजिन किती तास चाललं त्यावरून कळतं. साधा हिशोब करा. हायवेवर सरासरी 60 च्या स्पीडने 2 लाख किलोमीटर झालेली गाडी साधारण 3,300 तास चाललेली असते. तीच गाडी शहरातल्या ट्रॅफिकमध्ये सरासरी 20 ने चालली तर 80 हजार किलोमीटरमध्येच 4,000 तास होतात. म्हणजे मीटरवर 80 हजार दिसणाऱ्या गाडीचं इंजिन 2 लाखवालीपेक्षा जास्त झिजलेलं असू शकतं, वर शंभरदा गिअर बदलून, सतत ब्रेक मारून, एसी लावून उभी राहून. आणि डिझेल असेल तर अजून वाईट, कारण छोट्या छोट्या फेऱ्यांत सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर स्वतःला साफ करण्याइतका तापतच नाही, ईजीआर, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, काजळीने भरतो, आणि थंड इंजिनमुळे ऑइल खराब होतं ते वेगळंच. बऱ्याच गाड्यांत कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारा स्कॅनर लावला की इंजिनचे तास दिसतात, तो आकडा आणि मीटरचा आकडा शेजारी ठेवून भागाकार करा, सरासरी वेग निघतो आणि गाडी कुठे चालली ते मालकाने सांगायच्या आधीच कळतं.

मीटर मागे केलाय का हेही थोडंफार असंच सापडतं. किलोमीटर फक्त समोरच्या मीटरमध्ये नसतात हो, बऱ्याच गाड्यांत ते गिअरबॉक्सच्या किंवा इतर कंट्रोल युनिटमध्येही नोंदलेले असतात, काही गाड्यांत तर किल्लीतसुद्धा. मीटर फिरवणारा सगळीकडे जाऊन बदलतोच असं नाही. आणि स्कॅनर नसला तरी डोळे आहेतच, ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड फाटलीय, स्टेअरिंगचं लेदर चमकायला लागलंय आणि मीटर म्हणतोय 60 हजार, तर त्या मालकाला नमस्कार करून घरी यावं.

परवाच एका मित्राबरोबर अशी एक गाडी बघायला गेलो होतो. जाऊन पहिल्यांदा बोनेटवर हात ठेवला तर गरम. मालक म्हणाला आत्ताच पेट्रोल भरून आणली, काटा मात्र रिझर्व्हला. आम्ही काही बोललो नाही, म्हटलं उद्या सकाळी येतो, आज रात्री इथेच अशीच उभी राहू द्या, अजिबात चालू करू नका. सकाळी गेलो तर मागचा डावा कोपरा चार बोटं खाली बसलेला, म्हणजे एअर सस्पेन्शनचा (स्प्रिंगऐवजी गाडी तोलणारा) हवेचा फुगा नाहीतर पाइप लीक. मग सेल्फ मारला तर पहिले काही सेकंद पुढून खडखड खडखड आवाज, टायमिंग चेनचा, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणाऱ्या साखळीचा, इंजिन गरम झाल्यावर तो आवाज गायब. आदल्या दिवशी आम्हाला हे दोन्ही दिसलं नसतं, कारण गरम इंजिन शांत असतं आणि कॉम्प्रेसरने हवा भरून गाडी सरळ उभी केलेली असते. रात्रभर उभी ठेवणे आणि थंड इंजिन चालू करणे ही फुकट तपासणी आहे आणि जो मालक याला नाही म्हणतो त्याने उत्तर देऊन टाकलेलं असतं.

आता गाडीगणिक दुखणी वेगळी असतात आणि ती लपलेली नाहीत, गॅरेजवाल्यांना पाठ आहेत. पहिल्या पिढीच्या पोर्शे केयेनच्या व्ही8 मध्ये इनटेकच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) खाली पाणी वाहून नेणारे पाइप प्लास्टिकचे होते, ते वयाने ठिसूळ होऊन फुटतात, म्हणून लोक अॅल्युमिनियमचे बसवतात. त्याच गाडीच्या प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे चाकांकडे ताकद नेणाऱ्या लांब दांड्याचा, मधला बेअरिंग सपोर्टही नेहमीचं गिऱ्हाईक. ऑडीच्या 3.0 डिझेलमध्ये टायमिंग चेन इंजिनच्या मागच्या बाजूला गिअरबॉक्सकडे आहे, चेन स्वस्त असेल नसेल पण तिथपर्यंत हात पोचवायलाच सगळं खाली उतरवावं लागतं. बीएमडब्ल्यूच्या एक्स3, एक्स5 मध्ये ट्रान्सफर केसवरच्या (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या डब्यावरच्या) छोट्या मोटरचं प्लास्टिकचं गिअर झिजतं आणि फोर व्हीलचा दिवा लागतो, हे ऐकायला भयंकर पण बाकीच्यांच्या मानाने किरकोळ काम आहे. लँड रोव्हर डिस्कव्हरी 3 च्या 2.7 डिझेलला पुढे टायमिंग बेल्ट (चेनचंच काम करणारा पट्टा) आहेच, पण मागे डिझेलच्या हाय प्रेशर पंपाचा दुसरा एक बेल्ट आहे आणि तो बदलायचा राहून जातो, कारण बिलात बेल्ट बदलला एवढंच लिहिलेलं असतं आणि कोणता ते कोणी विचारत नाही. त्याच गाडीच्या मोठ्या कामांसाठी काही गॅरेज अख्खी बॉडी चेसिसवरून उचलतात, खोटं वाटेल पण उचलतात. टोयोटा लँड क्रूझर 100 चं 4.7 पेट्रोल इंजिन दणकट म्हणून नावाजलेलं, पण त्यालाही टायमिंग बेल्ट आहे आणि तो साधारण दीड लाख किलोमीटरला बदलायचा असतो, दणकट आहे म्हणून कोणी बदललाच नाही असंही होतं.

मग आता सांगा, 1 लाख 40 हजार झालेली आणि बेल्ट मूळचाच असलेली बरी, की 2 लाख 10 हजार झालेली आणि बेल्ट, वॉटर पंप, गिअरबॉक्सचं ऑइल सगळ्याची बिलं फाइलला लावलेली बरी? मला तरी दुसरी बरी वाटते, आणि बाजारात ती पहिलीपेक्षा स्वस्त मिळते कारण सगळे मीटर बघून पळतात.

गिअरबॉक्स ऑइलचं तर एक वेगळंच प्रकरण आहे. झेडएफचा सहा स्पीडचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स रेंज रोव्हर, डिस्कव्हरी, एक्स5 अशा कितीतरी गाड्यांत होता. गाडीवाल्या कंपन्या सांगायच्या की यातलं ऑइल लाइफटाइम आहे, बदलायची गरज नाही. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः मात्र 80 हजार ते 1 लाख 20 हजार किलोमीटरच्या दरम्यान किंवा 8 वर्षांनी बदला म्हणते. आता लाइफटाइम म्हणजे कोणाचं लाइफ, पहिल्या मालकाचं बहुतेक, कारण तिसऱ्या मालकाच्या हातात गाडी येते तेव्हा गिअर झटके द्यायला लागलेला असतो. टेस्ट ड्राइव्ह घेताना हळू चालवून बघा, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला धक्का बसतोय का, उभं राहताना पहिला पडताना खालून ठक्क आवाज येतोय का. जोरात पळवून पिकअप बघण्यात काही अर्थ नाही, पिकअप सगळ्यांचाच छान असतो.

आणि फोर बाय फोर म्हणून घेताय तर ते फोर बाय फोर चालतंय का हे बघणारा माणूस मला क्वचितच भेटला. लो रेंज (चढ-चिखलासाठीचा हळू, जास्त ताकदीचा गिअर) असेल तर गाडी उभी करून न्यूट्रलला टाकून तो लावा, लागतंय का, दिवा नुसता लुकलुकत राहत नाही ना. फुलटाइम फोर व्हील असेल तर मोकळ्या डांबरी जागेत स्टेअरिंग पूर्ण वळवून हळूहळू गोल फिरवा, गाडी अडखळत, उड्या मारत वळली तर ट्रान्सफर केस किंवा मधल्या डिफरन्शियलमध्ये (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या संचात) काहीतरी आवळतंय. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच साइजचे आणि साधारण सारखेच झिजलेले हवेत, दोन नवे दोन जुने असतील तर चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरतात आणि ट्रान्सफर केसमधले क्लच सतत घासत राहतात. मालकाने टायरचे पैसे वाचवले असतात आणि बिल तुमच्या नावाने येतं. खाली वाकून चेसिसवरच्या खाचांत वाळलेला चिखल बघा, डिफरन्शियलचं ऑइल दुधाळ असेल तर गाडी कधीतरी पाण्यातून नेलीय. सनरूफवाल्या गाडीत पायाखालचं मॅट उचलून गालिचा दाबून बघा, ओला लागला तर सनरूफचे पाणी जायचे पाइप तुंबलेत, आणि या गाड्यांची वायरिंग अन कंट्रोल युनिट नेमकी तिथेच खाली कुठेतरी दडवलेली असतात. मग एक दिवस काच खाली होत नाही, दुसऱ्या दिवशी गाडी लॉक होत नाही, आणि कोणालाच कारण सापडत नाही.

1970 ची पहिली रेंज रोव्हर आतून पाणी मारून धुता यायची म्हणे, रेक्झिनच्या सीट आणि प्लास्टिकचा डॅशबोर्ड. 1992 मध्ये त्याच गाडीला एअर सस्पेन्शन आलं आणि तिथून पुढे आराम वाढत गेला तसतसं बिघडायला काय काय आहे त्याची यादीही वाढत गेली. तक्रार नाही, आरामासाठीच तर घेतो आपण.

स्कॅनरचं अजून एक. एरर काहीच नाही हे बघून खूश होऊ नका, रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने आपल्या तपासण्या पूर्ण केल्यात का ते दाखवणारी यादी, बघा. कोणी सकाळीच एरर पुसले असतील किंवा बॅटरी काढून लावली असेल तर ते मॉनिटर अपूर्ण दाखवतात, पूर्ण व्हायला गाडी बरीच चालवावी लागते. कोरी पाटी आणि सगळे मॉनिटर अपूर्ण, म्हणजे काल त्या पाटीवर काहीतरी लिहिलेलं होतं.

पैशाचं बोलायचं तर चूक एकाच ठिकाणी होते. गाडी नवी असतानाच्या किमतीच्या पाव भागात मिळाली म्हणून लोक खर्चही पाव भागच धरतात. हत्ती लिलावात स्वस्त मिळाला म्हणून चारा स्वस्त होत नाही. ब्रेक डिस्क, कंट्रोल आर्म, एअर कॉम्प्रेसर हे सगळं अजूनही नव्या महागड्या गाडीच्याच भावाने येतं, आणि ते काढून बसवणाऱ्याचे तासही तेवढेच. म्हणून मी ओळखीच्यांना सांगतो की गाडीच्या किमतीचा निदान चौथा हिस्सा पहिल्या वर्षासाठी बाजूला काढा, सगळी ऑइलं, बुश, बेल्ट, टायर यातच तो जाईल. हा माझा अंदाज आहे, नियम नाही, पण तो हिस्सा काढून ठेवल्यावर जी गाडी परवडत नाही ती मुळातच परवडत नव्हती. आणि घ्यायच्या आधी स्वतःच्या पैशाने त्या कंपनीच्या गाड्यांवर रोज काम करणाऱ्या मेकॅनिककडे लिफ्टवर चढवून बघा, विकणाऱ्याच्या ओळखीच्या नाही.

माझ्या त्या मित्राने ती खाली बसलेली गाडी सोडली आणि तिच्यापेक्षा 70 हजार किलोमीटर जास्त चाललेली दुसरी घेतली. तिचेही पुढचे लोअर आर्म गेलेत आणि टेलगेटची मोटर मधूनच रुसते, पण दोन्ही गोष्टी लिफ्टवर दिसल्या होत्या आणि किमतीतून वजा झाल्या. पार्ट यायला वेळ लागतो तोवर गाडी गॅरेजातच असते, त्याच्याकडे रोजच्या कामाला दुसरी छोटी गाडी आहे म्हणून चाललंय. ज्याच्याकडे ती नाही त्याला मी ही गाडी घे असं सांगणार नाही, मग रनिंग 2 लाख असो नाहीतर 40 हजार.

आपला,
एक नियमित वाचक