मशीनच्या फेरीसाठी गाडी घेताना

विक्रोळी, रविवार

चि. मनाली,
अनेक आशीर्वाद.

व्हेंडिंग मशीन भरण्याच्या फेरीसाठी किती टनाची गाडी घ्यायची, असं तू फोनवर विचारलंस. टनाचं शेवटी बघू. आधी हे ठरव की गाडी थांबल्यापासून मशीनचं दार पुन्हा बंद होईपर्यंत एका जागी किती मिनिटं जातात आणि त्यातली किती गाडीमुळे जातात. दिवसाला आठ मशीन आणि प्रत्येकी दहा मिनिटं खोके शोधण्यात, मागचा दरवाजा उघडायला जागा करण्यात गेली, तर ऐंशी मिनिटं झाली. मुंबईत तेवढ्या वेळात आणखी दोन मशीन भरून होतात. म्हणून मी गाडीकडे चाकांवरचं कपाट म्हणूनच बघते.

आता मालाचा हिशेब. एका स्नॅक्स-कोल्ड्रिंक मशीनला एका फेरीत साधारण ५०० मिलीच्या २४ बाटल्यांची एक पेटी (साडेबारा किलो), ३०० मिलीच्या कॅनचे २४-२४ चे दोन ट्रे (मिळून १६ किलो), चिप्स-फरसाणाचा एक मोठा खोका (३ किलो) आणि बिस्किटं, चिक्की, चॉकलेट मिळून ४ किलो लागतात. म्हणजे साडेपस्तीस किलो. आठ मशीनचे २८४. त्यात तू आणि मदतनीस मिळून १४० किलो आणि रॅक, ट्रॉली, हत्यारं यांचे ५० मिळव. एकूण ४७५ च्या आसपास. अर्ध्या टनाच्या आत काम बसतं.

पण वजनात बसलं म्हणजे जागेत बसलं असं नाही. चिप्सचा खोका ६० × ४० × ४० सेंटिमीटर धरला तर आठ खोके पाऊण घनमीटरहून जास्त जागा खातात, आणि त्यांचं वजन जेमतेम २४ किलो. पाणी आणि कॅन २२८ किलोचे, पण मावतात त्याच्या निम्म्या जागेत. गाडी भरते ती हवेने फुगलेल्या पाकिटांनी आणि चाकांवरच्या स्प्रिंगचे पाटे बसतात ते पाण्याच्या पेट्यांनी. म्हणून दोन्ही हिशेब वेगळे कर. कागदावर मांडण्यापेक्षा गोडाऊनच्या लादीवर खडूने गाडीच्या आतल्या मापाचा चौकोन आख, चाकांच्या कमानी आत येतात तेवढी जागा रेघा मारून बाद कर आणि एका दिवसाचा खरा माल त्यात रच. खांद्याच्या वर रचू नकोस, चालत्या गाडीत वरची थप्पी पडते. आणि मध्ये एक माणूस वाकून उभा राहील एवढी वाट ठेव. वाट उरली नाही तर त्या मापाची गाडी तुझ्या कामाची नाही, जाहिरातीत कितीही टन लिहिलेले असोत.

वजनाचा खरा आकडा आरसीवर असतो. एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा कर. जे उरेल त्यात माल, माणसं आणि तू नंतर बसवलेले रॅक, सगळं आलं. सीएनजी गाडीचं रिकामं वजन टाकीमुळे जास्त भरतं, त्यामुळे तोच मॉडेल पेट्रोलवर जेवढा माल नेतो तेवढा सीएनजीवर नेत नाही. टाकी कुठे बसवली आहे तेही बघ. मालाच्या जागेत असेल तर खडूच्या चौकोनातून तेवढा तुकडा वजा.

आता गाड्यांकडे येते. २००५ पासून रस्त्यावर आलेला छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो, आणि बंद कंटेनर बसवला की तो भरपूर माल घेतो. पण तुझी मशीनं बीकेसी, लोअर परळ, पवई, अंधेरीच्या ऑफिसांत आहेत. तिथे माल बहुतेक बेसमेंटमधून चढवावा लागतो. बेसमेंटच्या तोंडाशी लावलेल्या पट्टीवर उंची लिहिलेली असते, बऱ्याच ठिकाणी २.१ किंवा २.२ मीटर. उंच कंटेनर तिथेच अडकतो. मग गाडी बाहेर रस्त्यावर, तिथे टो होण्याची भीती, आणि माल दीडशे मीटर ट्रॉलीवर. मारुतीच्या ईको व्हॅनची उंची १.८२५ मीटर आहे, ती निवांत आत जाते. शोरूमला जाण्याआधी तुझ्या सगळ्या इमारतींच्या त्या पट्ट्यांचे फोटो काढून आण. सगळ्यांत कमी आकडा जो असेल तो तुझ्या गाडीच्या उंचीची मर्यादा, वरून दहा सेंटिमीटर सोडून. उताराचं तोंड संपून सपाट लागतं तिथे गाडीचा मागचा भाग वर उचलला जातो, म्हणून ती दहाची सूट.

दुसरी गोष्ट दरवाजा. कंटेनर मागून उघडतो. मुंबईत मागची गाडी बंपरला बंपर लावून उभी राहिली की तो उघडतच नाही. आपण डावीकडे गाडी लावतो, तेव्हा फुटपाथच्या बाजूचा, म्हणजे डावीकडचा सरकता दरवाजा ही गरज आहे, चैन नव्हे. बेसमेंटमध्ये मात्र डावीकडे भिंत किंवा खांब येतो, तेव्हा उजवीकडचाही उपयोगी पडतो. गाडी बघायला जाशील तेव्हा तुझे दोन कॅरेट सोबत ने आणि दरवाजातून आडवे आत जातात का ते बघ. ६० × ४० चं कॅरेट तिरकं करून घालावं लागलं तर आतला माल रोज उलटापालटा होणार. मालाच्या जमिनीची उंचीही मोज. कमरेखाली असेल तर साडेबारा किलोची पेटी वाकून उचलावी लागते, छातीपर्यंत असेल तर डोक्यावर घ्यावी लागते. दिवसाला तीस-चाळीस खोके हाताळणाऱ्या माणसाच्या पाठीचा प्रश्न आहे, म्हणून हा आकडा मी पैशाच्या आधी धरते.

तीनचाकी टेम्पो स्वस्त पडतो हे खरं, गल्लीतही वळतो. पण सी लिंकवर तीनचाकीला बंदी आहे आणि पावसात आडव्या सरी आत येतात. सगळी मशीनं अंधेरी ते घाटकोपर एवढ्यातच असती तर मी त्याचा विचार केला असता. तुझी फेरी लोअर परळपर्यंत जाते, म्हणून नको. कोस्टल रोड मात्र मालवाहू पासिंगच्या कुठल्याच गाडीच्या हिशेबात धरू नकोस, तिथे मालवाहू गाड्यांना मनाई आहे.

इंधन. दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर, बहुतेक सगळे थांबत-थांबत. यात इलेक्ट्रिक गाडी शोभते, कारण सिग्नलला उभी असताना ती काही जाळत नाही आणि ब्रेक दाबताना थोडी वीज परत मिळते. छोट्या हत्तीची इलेक्ट्रिक बहीण, एस ईव्ही, २०२२ साली आली, तिची बॅटरी २१.३ किलोवॅट-तासांची आहे. ३ किलोवॅटच्या चार्जरवर हिशेबाने सात तास, म्हणजे रात्रीत काम. अट एकच, रात्री गाडी जिथे उभी राहते तिथे तुझ्या नावाचा मीटर हवा. सोसायटीच्या जिन्यातल्या प्लगवर वायर ओढून धंदा चालत नाही. आणि सॉकेट पुराच्या रेषेच्या वर, निदान छातीएवढ्या उंचीवर. मीटर मिळणार नसेल तर सीएनजी घे. पंपावरच्या रांगेचा वेळ फेरीत आधीच धर, आणि दर ३ वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची तपासणी, चुकवू नकोस.

आतली मांडणी. बाजूला दोन मजली रॅक, प्रत्येक फळीला पुढे पाच सेंटिमीटरची कड, आणि नटबोल्टने बसवलेला. वेल्डिंग केलं की तिथलं रंगाचं कवच जळतं आणि मुंबईच्या खाऱ्या हवेत गंज तिथूनच सुरू होतो. पाण्याच्या पेट्या खाली आणि पुढे, ड्रायव्हरच्या मागच्या जाळीला टेकवून. ही जाळी मी सक्तीची मानते. करकचून ब्रेक लागला तर साडेबारा किलोची सुटी पेटी थेट मानेवर येते. चिप्स वर. प्रत्येक मशीनचं कॅरेट आदल्या संध्याकाळीच भरून त्यावर मशीनचा नंबर लाव, शेवटच्या मशीनचं कॅरेट आधी आत आणि पहिल्याचं दाराशी. ट्रॉली सगळ्यांत शेवटी ठेवायची, कारण ती सगळ्यांत आधी लागते.

दाराजवळ एक खण सुट्या भागांचा: मशीनमध्ये माल पुढे ढकलणाऱ्या कॉइलच्या मोटरी दोन, फ्यूज, कुलपाचा एक सिलिंडर, ४जी मोडेमची अँटेना, मल्टिमीटर आणि कंडेन्सर (मशीनची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) झाडायचा ब्रश. लोकांचे पैसे हल्ली यूपीआयने येतात. जिथे नाण्यांचं मशीन आहे तिथल्यासाठी सीटखाली बोल्ट मारलेली पेटी पुरे, दहाच्या हजार नाण्यांचं वजन पावणेआठ किलोच्या आसपास होतं. फिनेल आणि स्प्रे मात्र मालासोबत कधीच नकोत. बिस्किटांना वास लागतो आणि तो जात नाही.

थंड गाडी घेण्याच्या फंदात पडू नकोस. एवढ्या मालासाठी तो खर्च निघत नाही. पण चॉकलेटची काळजी घे. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं, आणि एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त तापतं. वितळून पुन्हा गोठलेल्या चॉकलेटवर पांढरट थर येतो. तो निरुपद्रवी असतो, पण गिऱ्हाईक बुरशी समजून तक्रार करतं. जाड थर्माकोलचा डबा, आत जेल पॅक, आणि चॉकलेटचं काम सकाळी अकराच्या आत.

पावसासाठी दरवाजांच्या रबरी बीडिंगची परीक्षा पाइपने कर. बाहेरून पाच मिनिटं पाणी मार, आतून टिश्यू पेपर फिरव, ओला होईल तिथे फट. जमिनीवर प्लॅस्टिकचे जाळीदार पाट टाक, म्हणजे खोक्यांचे बूड भिजणार नाही. भिजलं खोकं उचलताना तळ सुटतो आणि कॅन रस्त्यावर. मिलन सबवे, अंधेरी सबवे, हिंदमाता इथे पाणी साचलं की वळसा घे. गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नकोस, पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

आणि मशीन हलवण्यासाठी गाडी मोठी घ्यावी का, हा विचार तुझ्या मनात येणार. नको. मशीन अडीचशे-तीनशे किलोचं, वर्षातून दोन-चारदा हलतं. त्या दिवशी टेम्पो आणि चार अनुभवी हमाल भाड्याने घे. वर्षात चार दिवसांसाठी बाकीचे दिवस मोठी गाडी ओढणं मला पटत नाही.

कागदपत्रं थोडक्यात. पिवळ्या पाटीची मालवाहू गाडीच घे. पांढऱ्या पाटीवर धंद्याचा माल नेलास आणि अपघात झाला तर विमा कंपनीला क्लेम नाकारायला कारण मिळतं. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालगाडीला परमिट लागत नाही. तुझं एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं, लायसन्स पुरेल, नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ७,५०० किलोपर्यंतच्या गाड्यांसाठी ते मान्य धरलं आहे. नव्या गाडीचं फिटनेस २ वर्षांचं, मग ८ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी, पुढे दरवर्षी. आरसी, विमा, पीयूसीच्या प्रती जास्तीच्या काढून ठेव, ऑफिसवाले गेटपाससाठी मागतात.

जुनी ईको बघणार असशील तर आतली मॅट उचलून गंज बघ, सरकत्या दरवाजाची रेल हाताने चाचप, आरसीवर कर्जाचा बोजा आहे का आणि थकलेली ई-चलनं आहेत का ते परिवहनच्या साइटवर बघ. मग अडीचशे किलो पाण्याच्या पेट्या भरून, सीएनजीवर, एखाद्या बेसमेंटच्या चढावर मध्येच थांबवून पुन्हा उचलायला सांग. क्लचचा वास आला तर पैसे कमी कर किंवा सोडून दे. स्टेपनीही काढून बघ. माल उतरवल्याशिवाय ती निघत नसेल तर रॅकची जागा बदलावी लागेल.

शनिवारी मी टेप आणि खडू घेऊन गोडाऊनवर येते. तू त्या पट्ट्यांचे फोटो आणून ठेव.

तुझी,
आई