फ्रीजर मोजण्याआधी फेऱ्या मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुढच्या महासाथीच्या तयारीवर आपल्या दैनिकात आलेला लेख वाचला. अतिशीत फ्रीजर किती घ्यायचे, विजेवरच्या शीतगाड्या किती लागतील, त्या कुठून सुटतील, सगळा हिशेब त्यात आहे. लसीकरण केंद्रावर पोचलेली लस तिथे किती दिवस टिकेल, हे मात्र कुठेच नाही. शीतगाड्यांच्या फेऱ्या लावण्यात माझी बरीच वर्षे गेली, आणि आमचे गणित या आकड्यापासूनच सुरू व्हायचे. तो नसेल तर गाड्यांची संख्या निव्वळ अंदाजाची.

फायझर-बायोएनटेकच्या कोविड लशीचे उदाहरण घेतो. सुरुवातीला ती उणे ९० ते उणे ६० अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची होती आणि साध्या फ्रीजमध्ये, म्हणजे २ ते ८ अंशांत, फक्त पाच दिवस चालायची. ती यायची १९५ कुप्यांच्या ट्रेमध्ये. एका कुपीत सहा मात्रा धरल्या तर एका ट्रेच्या झाल्या १,१७०. पाच दिवसांत एवढी माणसे लहान केंद्राने आणायची कुठून? दुसरा मार्ग म्हणजे लस मूळ खोक्यातच राहू द्यायची आणि दर पाच दिवसांनी त्यात ड्राय आइस भरायचा. खोके उघडायचे दिवसातून दोनदाच, तेही मिनिटे मोजून. लस जागच्या जागी, आणि गाडी धावतेय ती नुसता बर्फ पोचवायला! ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. त्याचे पाणी होत नाही, थेट वायू होतो, त्यामुळे बंद गाडीत चालकाला गुदमरण्याचा धोका असतो आणि विमानातही तो ठरावीक वजनापलीकडे नेता येत नाही.

मग मे २०२१ मध्ये अमेरिका आणि युरोपच्या औषध नियामकांनी वितळलेली पण न उघडलेली कुपी साध्या फ्रीजमध्ये महिनाभर ठेवायला परवानगी दिली. नवी गाडी आली नाही, इंजिन बदलले नाही, पण निदान थंडीपायी होणारी पाच दिवसांची फेरी महिन्यावर गेली. वाहतुकीतल्या कुठल्याच सुधारणेने एवढे डिझेल वाचवलेले मी पाहिलेले नाही. डिसेंबर २०२० मध्ये ही माहिती कुणी दडवून ठेवली होती असे मी म्हणत नाही. लसच नवी होती. टिकाऊपणा तपासायला तेवढे दिवस जावे लागतात. पण ही सवलत पुढे मिळू शकते हे धरून आराखडा करता येतो. अतिशीत फ्रीजर भाड्याने घ्या, करार तिमाहीचे करा, आणि लशीचा टिकाऊपणा तपासणाऱ्या माणसाला नियोजनाच्या बैठकीत पहिल्या दिवसापासून खुर्ची द्या. आमच्याकडे तो माणूस बैठकीला नसायचाच, कळायचे ते परिपत्रकातून.

फेऱ्या कमी करा असे सांगताना दुसरी बाजूही मांडायला हवी. २०२१ च्या मार्चअखेर मलावीत अ‍ॅस्ट्राझेनेका लशीचा साठा पोचला तेव्हा मुदत संपायला जेमतेम १८ दिवस उरले होते. बऱ्याच मात्रा त्यांनी वेळेत दिल्या, पण मे महिन्यात १९,६१० मात्रा भट्टीत जाळाव्या लागल्या. त्या थंड ठेवायला लागलेली वीज आणि इंधनही त्यांच्याबरोबरच गेले. म्हणजे एकदाच मोठा साठा पाठवला की काम झाले, असेही नाही. प्रत्येक टप्प्यावर मुदत, फ्रीजमधली जागा आणि टोचून घ्यायला खरोखर येणारी माणसे या तिन्हींचा मेळ घालावा लागतो. उघडलेली कुपी सहा तासांत संपवायची असेल आणि तिच्यात दहा मात्रा असतील, तर चार माणसांसाठी ती उघडायची का, हा प्रश्नही शेवटी वाहतुकीचाच होतो. टाकलेल्या सहा मात्रा पुन्हा आणायच्या असतात.

फेरी वाचवण्याच्या नादात मी स्वतः एकदा चुकलो आहे. दोन गाड्यांचा माल एका गाडीत बसवला आणि त्याबद्दल शाबासकीही घेतली. पेट्या छतापर्यंत रचल्या गेल्या, वरची रांग थेट थंड हवेच्या पंख्याच्या तोंडाशी. पोचल्यावर तापमान नोंदवणारा लॉगर पाहिला तर त्या रांगेत तापमान तासाहून जास्त वेळ उणे अर्ध्या अंशाच्या खाली. अशा लॉगरचा इशारा कसा लावलेला असतो तेही पाहा: ८ अंशांच्या वर सलग दहा तास गेले तर तो बोंबलतो, पण उणे अर्ध्या अंशाला एक तासच पुरतो. उष्णतेची भीती सगळ्यांना असते, पण गोठण्याने होणारे नुकसान वरून दिसत नाही. अ‍ॅल्युमिनियमचे क्षार असलेली लस एकदा गोठून वितळली की नुसती पाहून ओळखू येत नाही. मुद्दाम गोठवून वितळवलेली एक कुपी आणि संशयित कुपी एकत्र हलवायच्या, शेजारी ठेवायच्या आणि गाळ कुठे लवकर बसतो ते पाहत राहायचे. आमच्या दोन्ही कुप्यांत गाळ सारखाच बसला, म्हणजे आमची लसही गोठली होती. आख्खी रांग बाद. वाचवलेली फेरी दुसऱ्या दिवशी करावी लागली, वर मेमो.

गाड्यांविषयी थोडे. शीतगाडीच्या खोलीला बहुधा वेगळे डिझेल इंजिन असते, आणि ते आहे ती थंडी टिकवण्यासाठी. माल भरण्याआधी खोली गार केली नसेल तर ते उगाच धापा टाकते. यंत्रात गारवा आणणारा ‘आर-४०४ए’ हा वायू गळला तर शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास ४,००० पट तापवतो. २०१६ च्या किगाली करारानुसार असे वायू टप्प्याटप्प्याने कमी करायचे आहेत. प्रोपेन किंवा आयसोब्युटेनवर चालणारी यंत्रे मिळतात. ते वायू ज्वलनशील आहेत, पण त्यासाठीचे नियम ठरलेले आहेत. सौरफ्रीजही आता बॅटरीशिवाय चालतात: दिवसा उन्हावर आतला बर्फ गोठतो, रात्रभर तोच थंडी धरतो. जुन्या यंत्रांत आधी मरायची ती बॅटरीच. वीज बेभरवशाची असलेल्या टोकाच्या केंद्रावर असा फ्रीज बसला, तर साठा तिथेच राहतो आणि गाडीची खेप टळते. आपल्या लेखात सौरफ्रीज ‘ऊर्जा’ या मथळ्याखाली गेला आहे. तो ‘वाहतूक’ या मथळ्याखाली हवा होता.

आणखी एक गोष्ट, जिच्यावरून आमच्या डेपोत रोज वाद व्हायचे. भरलेल्या पेट्यांच्या प्रत्येक फेरीची नोंद असते, रिकाम्या परत आणायच्या पेट्यांची नसते. मग खोकी आणि आइस पॅक केंद्रावर साचतात, इकडे टंचाई म्हणून नव्यांची मागणी जाते, आणि काही दिवसांनी जुनी आणायला वेगळी गाडी काढावी लागते. पुढचा आराखडा छापाल तेव्हा त्यात दोन रकाने वाढवता आले तर पाहा: केंद्रावर लस किती दिवस टिकेल, आणि त्याच गाडीतून परत काय येईल.

आपला,
एक निवृत्त वाहतूक नियोजक