बाई, त्या पुस्तकाच्या चर्चेसाठी आणि त्यानंतरच्या सगळ्यासाठी थँक्यू

प्रिय बाई,

सप्रेम नमस्कार.

तुम्हाला फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणता आणि लगेच विचारता जेवलीस का, म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. आपल्या डोंबिवलीच्या वाचन ग्रुपमधल्यांनी वाचावंच, पण ज्यांच्या घरात तीन-चार वर्षांचं मूल आहे त्यांनी तर नक्की वाचावं.

ज्यांनी ते पुस्तक वाचलं नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शेरॉन गस्किनची 'द फर्गेटिंग टाइम' ही कादंबरी, २०१६ ची. न्यूयॉर्कमधली जेनी, एकटीने मुलगा वाढवतेय, आणि तिचा चार वर्षांचा नोआ सारखा म्हणतो मला घरी जायचंय, माझी दुसरी आई कधी येणार. पाण्याला इतका घाबरतो की अंघोळ म्हटलं की घर डोक्यावर घेतो. शाळेत तो असं काही बोलून जातो की शाळावाले आईकडेच संशयाने बघायला लागतात. डॉक्टर झाले, पैसे संपत आले, आणि मग ती जेरोम अँडरसन नावाच्या म्हाताऱ्या मानसोपचारतज्ज्ञापर्यंत पोचते, ज्याने सगळं आयुष्य मागचा जन्म आठवतो म्हणणाऱ्या मुलांच्या केसेस गोळा करण्यात घालवलंय, आणि त्यालाच आता शब्द आठवेनासे होण्याचा आजार झालाय. तिकडे दुसऱ्या गावात डेनिस आहे, तिचा मुलगा काही वर्षांपूर्वी बेपत्ता झालाय. पुढचं सांगत नाही, वाचा.

आता त्या दिवशीची चर्चा. बाई, तुम्हाला आठवत असेल, सुरुवातीला नुसता गोंधळ होता. कुणी म्हणालं पुस्तक खाली ठेववेना, रात्री दोन वाजेपर्यंत वाचलं. कुणी म्हणालं पहिला अर्धा भाग झक्कास, शेवटी उगाच गोड केलंय. आयटीवाल्या दोघांना ते थ्रिलर म्हणून आवडलं होतं. पण खरा वाद पेटला तो कादंबरीत मधे मधे अशाच मुलांचा अभ्यास करणाऱ्या जिम टकर यांच्या पुस्तकातले खऱ्या केसेसचे उतारे आहेत त्यावरून, म्हणजे ही गोष्ट आहे का पुरावा आहे, आम्ही नक्की काय वाचतोय? अंनिसचं, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं, काम केलेले आपले काका तर उठूनच उभे राहिले, की असे उतारे टाकून लेखिकेने वाचकाला गंडवलंय, चार्वाकांनी कधीच सांगून ठेवलंय की राख झालेला देह परत कुठून येणार. त्यावर पलीकडच्या बिल्डिंगमधल्या आजींनी शांतपणे ज्ञानेश्वरीतली ओवी म्हटली, "जैसें जीर्ण वस्त्र सांडिजे । मग नूतन वेढिजे", आणि म्हणाल्या आपल्याकडे यात नवल ते काय, वडाला दोरा बांधताना आपण सात जन्मांचं बोलतोच की. मग काका चिडले, आजी गप्प झाल्या, आणि बाकीचे दोन पार्ट्यांत वाटले गेले.

तेव्हा तुम्ही बोललात. मी ते घरी जाऊन लिहून ठेवलं होतं. "पुनर्जन्म आहे का नाही हे काही आज या हॉलमध्ये ठरणार नाही. पण ह्या पुस्तकात चार वर्षांचं एक पोर घाबरलंय आणि दोन आया रडतायत. त्यांच्याबद्दल कोण बोलणार?"

बाई, बालवाडीत आयुष्य काढलेलं माणूसच हे विचारू शकतं असं मला मनापासून वाटतं. आम्ही सगळे मोठ्यांचे प्रश्न घेऊन बसलो होतो. तुम्ही पुस्तक वाचताना सगळा वेळ नोआकडे बघत होतात.

आणि मग तुम्ही ते दिल्लीच्या शांतिदेवीचं सांगितलंत. १९२६ ची जन्मलेली मुलगी, चार वर्षांची असल्यापासून म्हणायची माझं घर मथुरेला, माझे यजमान कापडाचे व्यापारी. तिने सांगितलेल्या नावाचा माणूस, केदारनाथ चौबे, खरंच मथुरेत निघाला, त्याची बायको १९२५ मध्ये बाळंतपणानंतर काही दिवसांत गेलेली होती. प्रकरण गांधीजींपर्यंत गेलं, समिती नेमली गेली, १९३५ च्या नोव्हेंबरात पंधरा माणसं तिला घेऊन मथुरेला गेली. समितीच्या अहवालात केस खरी मानली, पण त्याच काळात दुसऱ्या एका अभ्यासकाने सगळं तपासून हे काही सिद्ध होत नाही असंही छापलं, हे तुम्ही आवर्जून सांगितलंत, काकांकडे बघून. पण तुमचा मुद्दा वेगळाच होता. तुम्ही म्हणालात, विचार करा, आठ-नऊ वर्षांची पोर, आणि तिच्यासमोर आणून उभा केलेला तिचा 'मुलगा' तिच्याहून वर्षभराने मोठा, ती त्याला बघून रडतेय आणि भोवती मोठी माणसं टिपणं काढतायत. पुढे तिने लग्न केलं नाही, १९८७ मध्ये गेली, आणि तोपर्यंत लोक येऊन येऊन तिला तेच विचारत राहिले. "खरं असो नाहीतर खोटं, त्या मुलीला शाळा, मैत्रिणी, भातुकली यातलं काय मिळालं हे कुणी विचारलं का?" हे तुमचं वाक्य. त्यावर काका पण खाली बसले आणि आजी पण मान हलवत होत्या.

तेवढ्यात कोपऱ्यात बसलेली आपली ती मैत्रीण बोलली. तिचं नाव लिहीत नाही, ग्रुपमधल्यांना माहितीय, तिचा मुलगा गेल्याला फार वर्षं नाही झालेली. ती म्हणाली, डेनिसच्या जागी मी असते ना, तर दार उघडलंच नसतं, माझा मुलगा तो माझाच, तो कुणाच्या तरी घरात दुसऱ्या नावाने वाढतोय हे मला नकोय ऐकायला. राग होता तिच्या आवाजात, पुस्तकावरचा राग. आणि जरा थांबून म्हणाली, पण वाचताना सारखं वाटत होतं की त्या पोराला कुणीतरी आधी जवळ घ्या रे. कुणाला काय बोलावं सुचेना. तुम्ही आमच्यातल्या चौघींना चहा टाकायला पिटाळलंत आणि स्वतः जाऊन तिच्या शेजारी बसलात. मी आजवर कुठल्याही पुस्तकावर ऐकलेली सगळ्यात खरी प्रतिक्रिया ती होती, आणि ती बोलू शकली कारण तुम्ही त्याआधी जागा करून दिली होती. खरं-खोटंच चालू राहिलं असतं तर ती उठून घरी गेली असती.

आता ते, ज्यासाठी मी मुळात हे पत्र लिहायला घेतलं.

चर्चा संपल्यावर मी चपला घालायचं निमित्त करून मागे थांबले आणि तुम्हाला आमच्या पिल्लूबद्दल सांगितलं. साडेतीन वर्षांची. काही महिने ती भाकरी खाताना म्हणायची, "माझी ती आई चुलीवर करते, तुझी गॅसची आहे." ती आई म्हणजे कोण विचारलं तर, "लाल बांगड्यांची." विहिरीपाशी घर, कुत्रा काळा, त्याला एक कान नाही. हे सगळं इतक्या साध्या आवाजात, जसं काही आपल्याच मागच्या गल्लीचा पत्ता सांगतेय. आणि आमच्या घरात दोन तट पडले होते. एकीकडून, तिला अमुक एका माणसाकडे घेऊन चला, तो मागच्या जन्मात नेतो. दुसरीकडून, लाड करून ठेवलेत, दोन रट्टे द्या. एका नातेवाइकाने तर तिला खुर्चीवर बसवून मोबाईल समोर धरला, बोल बोल, विहीर कुठे होती बोल, आणि ती रडायला लागली. रात्री मला झोप लागायची नाही. ती पुस्तकातली जेनी, जी रात्री तीन वाजता इंटरनेटवर काय काय शोधत बसते, तिच्याबद्दल वाचताना माझे हात गार पडले होते.

तुम्ही मला घाबरवलं नाहीत, हसला नाहीत, आणि मुख्य म्हणजे "असं असेल" "तसं असेल" काही म्हणाला नाहीत. दुसऱ्या दिवशी घरी बोलावलंत आणि चौकटीची एक वही हातात दिलीत. तारीख, तिचे शब्द जसेच्या तसे, आणि त्याआधी ती काय करत होती, कुणाबरोबर होती, टीव्हीवर काय चालू होतं. बास. स्वतःचे अर्थ लिहायचे नाहीत. ती बोलली की ऐकायचं, "हो का?" म्हणायचं, आपण होऊन खोदून विचारायचं नाही, शब्द तोंडात घालायचे नाहीत. पाहुण्यांसमोर बोलायला लावायचं नाही, व्हिडिओ तर अजिबात नाही. रागवायचं पण नाही. आणि तिला अधूनमधून सहज सांगत राहायचं की आत्ता तू इथे आहेस, हे तुझं घर, मी तुझी आई. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीत जिथे अशा मुलांचे अभ्यास चालतात तिथले लोकसुद्धा पालकांना जवळपास हेच सांगतात हे तुम्ही मला नंतर दाखवलंत. तिथले मानसोपचारतज्ज्ञ इयान स्टीव्हन्सन, १९६१ पासून भारतात येत होते, जगभरातून अडीच हजारांच्या आसपास केसेस जमवल्या, आणि त्यांच्या नोंदींतही बहुतेक मुलं दोन ते चार वर्षांच्या दरम्यान बोलायला लागतात आणि सहा-सात वर्षांपर्यंत आपोआप थांबतात. या एका माहितीने माझा जीव किती भांड्यात पडला ते मी सांगू शकत नाही. थांबतं. हे कुणीच मला सांगितलं नव्हतं, सगळे सुरुवातीबद्दलच बोलत होते.

(त्या स्टीव्हन्सन यांची कुलुपाची गोष्ट मला फार आवडली, इथे सांगतेच. त्यांनी एक आकडे जुळवून उघडायचं कुलूप लावून कपाटात ठेवलं होतं, आकडे फक्त त्यांना माहीत, मेल्यानंतर जमलं तर ते आकडे कळवीन म्हणाले. २००७ मध्ये ते गेले तेव्हाच्या बातम्यांत ते कुलूप बंदच होतं. आयुष्यभर ज्याने हे शोधलं त्याने स्वतःलाही तपासायला ठेवलं, याचं मला कौतुक वाटतं.)

आणि तो जो मागच्या जन्मात नेणारा माणूस होता, त्याच्याबद्दल तुम्ही एकदाच कडक झालात. आपल्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात "तू गेल्या जन्मी माझी बायको होतीस" असं सांगून बायकांचा गैरफायदा घेणाऱ्यांचा वेगळा उल्लेख करावा लागला, म्हणजे या नावाखाली काय काय चालत असेल समजून जा, असं म्हणालात. मोठं माणूस स्वतःच्या मर्जीने जात असेल तर जाऊ दे, पण मूल न्यायचं नाही, ते जे विचाराल त्याला हो म्हणेल. घरी मी हेच वाक्य जसंच्या तसं सांगितलं आणि तो विषय संपला. माझ्या शब्दाला जे वजन नव्हतं ते तुमच्या शब्दाला आलं, याचं वाईट वाटण्यापेक्षा मला सुटल्यासारखं वाटलं.

वहीचं काय झालं ते तुम्हाला माहितीय, बाकीच्यांसाठी लिहिते. बऱ्याचशा गोष्टी आमच्या सांभाळणाऱ्या मावशींच्या गावच्या निघाल्या. दुपारी झोपवताना त्या तिला आपल्या माहेरच्या गोष्टी सांगायच्या, विहीर तिथलीच, चूल तिथलीच. मावशींना मी सांगितलं तेव्हा त्या बिचाऱ्या घाबरल्या, म्हटलं अहो घाबरता काय, छानच गोष्टी सांगता तुम्ही, सांगत राहा. लाल बांगड्या आणि तो एका कानाचा कुत्रा मात्र मावशींच्याही गोष्टीत नाहीत. आमचे काका म्हणतात कुठल्यातरी कार्टूनमध्ये असेल, आजी म्हणतात असू दे की गं तिचं तिच्यापाशी. मला दोघांचंही चालतं. ज्या दिवशी मला कळलं की उत्तर न मिळता पण मी नीट झोपू शकते, त्या दिवशी मी तुम्हाला फोन केला होता आणि तुम्ही विचारलंत जेवलीस का.

डॉक्टरांकडे जाऊन ये असं पण तुम्हीच सांगितलं होतं, ते झालं, वाढ बोलणं झोप सगळं व्यवस्थित आहे. आता ती त्या आईबद्दल क्वचितच बोलते. परवा भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाली, "गॅसची पण चांगली असते." मी हो का म्हटलं आणि तूप वाढलं.

बाई, ग्रुपमध्ये आपण इतकी पुस्तकं वाचतो, आवडलं नाही आवडलं, पाच स्टार तीन स्टार, आणि पुढच्या महिन्यात पुढचं. ह्या एका पुस्तकाच्या वेळी तुम्ही आम्हाला मुलाच्या उंचीवर बसून वाचायला लावलंत. त्याचा फायदा कादंबरीला काय झाला माहीत नाही, माझ्या लेकीला झाला. म्हणून थँक्यू. मनापासून, अगदी मनापासून.

आणि एक काम आहे. आमच्या सोसायटीतल्या एकीचा मुलगा चार वर्षांचा आहे, तो म्हणतो मी ट्रक चालवायचो आणि माझा ट्रक दरीत गेला, रात्री ओरडत उठतो. ती पण माझ्यासारखीच कुणाला विचारावं कळेना म्हणून बसली होती. तुम्हाला न विचारता तुमचा नंबर दिलाय, कारण विचारलं असतं तरी तुम्ही देच म्हणाला असतात. शनिवारी सकाळी फोन करेल, वही तिने आधीच आणून ठेवलीय.

तुमची,
पिल्लूची आई